परतीच्या तिकिटाआधीचे दोन दिवस

चौथ्या खेपेची गोष्ट. गुरुवारची दुपार, स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्याचं कॅन्टीन. समोर बसलेल्या जर्मन सहकाऱ्यानं जेवताजेवता सहज विचारलं, "आमचं गाव कसं वाटलं तुम्हाला?"

सात वर्षं आम्ही दोघं आठवड्यातून तीनदा तरी फोनवर बोलत होतो. सुट्या भागांची मापं, चाचण्यांचे अहवाल, बंदरात अडकलेली खोकी, सगळं बोलून झालं होतं. त्याची मुलगी कोणत्या शाळेत जाते हेही मला ठाऊक होतं. त्याच्या गावाबद्दल मात्र मला एक वाक्य धड सांगता येईना. विमानतळ, हॉटेल, कारखान्याचं फाटक आणि हे कॅन्टीन, एवढंच चार खेपांत माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं. मी काहीतरी छान छान बोलले, त्यानं सौजन्यानं मान डोलावली आणि विषय बदलला. शुक्रवारी रात्री नेहमीसारखी मी परतीच्या विमानात होते. तो प्रश्न मुंबई येईपर्यंत माझ्या शेजारी बसून होता.

पाचव्या खेपेला मी परतीचं तिकीट सोमवारचं काढलं. हा लेख त्या मधल्या शनिवार-रविवारचा आहे आणि त्याआधी महिनाभर केलेल्या तयारीचाही. पिंपरी, चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातून दरवर्षी कितीतरी इंजिनिअर, हिशेबनीस, खरेदीवाले, गुणवत्ता तपासणारे कामासाठी परदेशी जातात. त्यांच्यापैकी ओळखीच्या काहींशी मी या निमित्तानं बोलले. एकानं चार वर्षांत सहा देश केले आणि सहाही देशांतली फक्त हॉटेलं त्याला आठवतात. एकीनं दोन दिवसांत तीन राजधान्या उरकल्या. तिच्याकडे फोटो भरपूर आहेत, पण कुठला फोटो कुठला हे सांगताना ती अडखळते. आणि निवृत्तीला आलेले एक सुपरवायझर काका प्रत्येक खेपेला शनिवारी सकाळी स्टुटगार्टच्या कार्ल्सप्लाट्झवर भरणाऱ्या जुन्या बाजारात जातात, जुनी हत्यारं हातात घेऊन बघतात, एखादं विकत आणतात. त्यांच्या घरी भिंतीवर टांगलेले पाने आणि रंधे मी पाहिले. त्या गावाबद्दल सर्वांत जास्त त्यांनाच सांगता येतं.

आधी कागद, मग नकाशा

कामाच्या खेपेला जोडून राहायचं तर सुरुवात व्हिसापासून करावी लागते. शेंगेन व्हिसाच्या चिकटपत्रावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात आणि आपण बहुतेक जण एकच वाचतो. एक म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो चालेल ती मुदत, आणि दुसरी त्या मुदतीत एकूण किती दिवस राहता येईल तो आकडा. मुदत महिनाभराची आणि राहण्याचे दिवस आठच, असं होऊ शकतं. उतरण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही त्यात धरले जातात. म्हणून अर्जासोबत जो प्रवासाचा तपशील द्यायचा, त्यातच शनिवार-रविवार आणि त्या दोन रात्रींचं हॉटेल लिहावं. मुख्य कारण काम असलं तरी परवानगीच्या दिवसांत बसणारे दोन दिवस गाव बघण्यात घालवायला हरकत नसते. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि सगळं लिहून दिलं की विमानतळावर विचारलं तरी उत्तर तयार असतं.

दुसरा कागद विम्याचा. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते आपली कंपनी काढून देते. पण कोणत्या तारखेपर्यंत? माझ्या एका सहकाऱ्याचा पाय शनिवारी दगडी फरसबंदीवर मुरगळला. कंपनीनं काढलेला विमा शुक्रवारी मध्यरात्री संपला होता. एक्स-रे, पट्टी, कुबडी असा सगळा खर्च त्याच्या खिशातून गेला. दोन दिवसांचा वाढीव विमा स्वतःच्या पैशानं काढला असता तर एका जेवणाच्या किमतीत भागलं असतं.

तिसरी गोष्ट कंपनीतली. वरिष्ठांना मी सरळ मेल लिहिली: शुक्रवारी काम संपेल, सोमवारची एक दिवसाची रजा हवी, शनिवार-रविवारचं हॉटेल, जेवण, फिरणं माझं, तिकिटाच्या भाड्यात फरक पडला तर तो मी भरेन. फरक पडलाच नाही, उलट सोमवारचं भाडं शुक्रवारपेक्षा थोडं कमीच निघालं. हॉटेलचंही तसंच. कामकरी लोकांवर चालणारी हॉटेलं शनिवार-रविवारी रिकामी पडतात, दर उतरतात. अपवाद जत्रेचा आणि प्रदर्शनांचा. सप्टेंबरअखेर कान्स्टाटचा मोठा लोकोत्सव सुरू होतो, तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत. मी मे महिन्याचा मध्य निवडला. थंडी सरलेली, सूर्य रात्री नवाच्या सुमारास मावळतो, म्हणजे काम संपल्यावरही तीन-चार तासांचा उजेड हाताशी.

राहिलं घर. खरं तर हाच सगळ्यांत अवघड परवाना. "काम झालं ना, मग दोन दिवस एकटी काय करणार आहेस तिथं?" आईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी तिला कागदावर दोन दिवस लिहून दिले: कुठे जाणार, किती वाजता परतणार, हॉटेलचा नंबर. तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेदहा झालेले असतात, तेव्हा फोन करीन म्हणाले. तो कागद तिनं फ्रिजच्या दारावर लावला. रोज संध्याकाळी तिला फोन केला की ती कागद वाचून विचारायची, "मग, किल्ला झाला का?" माझ्याबरोबर तीही फिरत होती.

काय गाळायचं

तयारीचा दुसरा भाग म्हणजे यादी करणं, आणि मग ती खोडणं. माझ्या पहिल्या यादीत नऊ ठिकाणं होती. उल्मच्या मन्स्टरचा 161 मीटर उंच मनोरा आणि त्याच उल्ममध्ये आइनस्टाइनचं जन्मस्थान, हायडेलबर्गचा किल्ला, काळं अरण्य, पोर्शेचं संग्रहालय, बव्हेरियातला तो कॅलेंडरवरचा राजवाडा. सगळं जवळ वाटत होतं, कारण नकाशा टेबलावर पसरला होता. मग मी प्रत्येक ठिकाणापुढे जाण्यायेण्याचे तास लिहिले आणि सहा ठिकाणं आपोआप गळली. उरलेल्यांसाठी एक साधा नेम केला: सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळ मोकळी.

निवडायची कसोटीही ठरवली. मी ज्या कामासाठी या गावाशी बांधलेली आहे त्याचं मूळ मला बघायचं होतं. आणि माझ्या कामाशी काडीचा संबंध नसलेलं काहीतरी बघायचं होतं. शनिवार पहिल्याला दिला, रविवार दुसऱ्याला.

असं ठरवताना तिथला रविवार ओळखून असावं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. त्या दिवसाची विश्रांती राज्यघटनेनंच राखून ठेवली आहे. म्हणून खरेदी, रविवारचा ब्रेड, फळं, औषध, सगळं शनिवारी संध्याकाळच्या आत. संग्रहालयं रविवारी उघडी असतात आणि बरीचशी सोमवारी बंद. ज्यांना शुक्रवारऐवजी सोमवारी मोकळीक मिळते, त्यांनी हे आधी पाहावं. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढेमागे होतं. त्या रविवारी गाडी किंवा विमान असेल तर तोही हिशेब धरावा.

आणि दोन दिवस कामाच्या आधी घ्यावेत की नंतर? आधी घेतले तर झोपेची घडी बसायला मदत होते, हे खरं. पण सोमवारच्या सादरीकरणाचं ओझं सगळीकडे बरोबर येतं. काम संपल्यावरचा शनिवार वेगळा असतो. डोकं रिकामं, शरीर तिथल्या वेळेला सरावलेलं, आणि कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं.

शुक्रवार: ढिगाऱ्याची टेकडी

शुक्रवारी चार वाजता शेवटची बैठक संपली. लॅपटॉप हॉटेलच्या तिजोरीत ठेवला, फोनवरची ऑफिसची सूचना-घंटी बंद केली आणि बिर्केनकॉप्फ या टेकडीकडे जाणारी बस पकडली. थांब्यापासून जंगलातून वळणावळणानं चढत जाणारी वाट आहे, अर्ध्या तासाच्या आतली. आपल्या पर्वतीसारखंच, संध्याकाळी धापा टाकत चढणारी माणसं, कुत्री, जोडपी, आजीआजोबा.

माथा आला आणि पाय थांबले. तिथं गवत नाही, बाक नाही, दगड आहेत. तासलेले, कोरलेले, फुटलेले. कुठे खांबाचा तुकडा, कुठे खिडकीची चौकट, कुठे दारावरच्या नक्षीतलं अर्धं पान. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर 53 हवाई हल्ले झाले. युद्धानंतर उरलेला ढिगारा 1953 ते 1957 या काळात इथं आणून टाकला गेला, सुमारे पंधरा लाख घनमीटर. टेकडी चाळीस मीटरनं वाढून 511 मीटर झाली. लोक तिला विनोदानं इटालियन वळणाचं एक नाव देतात, पण माथ्यावर कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

मी एका दगडावर बसले. हाताखाली गार, खडबडीत काहीतरी लागलं, बघितलं तर कोरीव द्राक्षाचा घोस. कोणाच्या तरी घराच्या दारावर असेल. खाली दरीत आख्खं स्टुटगार्ट, उतरणीवर द्राक्षाचे मळे, पलीकडच्या टेकडीवर 1956 साली उभा राहिलेला टीव्हीचा मनोरा, जगातला अशा तऱ्हेचा पहिला काँक्रीटचा मनोरा. आमच्या फोनवरच्या बैठकांमध्ये ही माणसं मिनिटाचा हिशेब का ठेवतात, आराखडा मोडला की इतकी अस्वस्थ का होतात, याची सगळी उत्तरं त्या दगडांत होती असं मी म्हणणार नाही. पण ज्यांच्या आजीनं हे शहर हातानं उचलून इथं आणून ठेवलं, त्यांच्याशी मी बोलते आहे हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

शनिवार: घोडा, इंजिन आणि एक घर

सकाळी नवाला मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयाचं दार उघडतं आणि नवालाच पोचावं, दहानंतर सहलीच्या बसा येतात. 2006 साली बांधलेल्या या इमारतीत आधी लिफ्टनं सगळ्यांत वर जायचं आणि मग गोल उतारांवरून इतिहास बघत खाली यायचं. वर लिफ्टचं दार उघडतं आणि समोर गाडी नसतेच, एक पांढरा घोडा असतो. त्यामागे 1886 सालची बेंझची तीन चाकी मोटार. सायकलीसारखी तारांची चाकं, मागे आडवं इंजिन, वर उघडं मोठं चक्र. तिच्यासमोर मी वीस मिनिटं उभी राहिले. प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो, आणि कशासाठी आहे ते कळतं. आज आम्ही जे बनवतो ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तिथंच बर्टा बेंझची कहाणी आहे. ऑगस्ट 1888 मध्ये नवऱ्याला न सांगता ती दोन मुलांना घेऊन त्या मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे 106 किलोमीटर. इंधन वाटेतल्या औषधाच्या दुकानातून विकत घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली, झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आमच्या धंद्यात ज्याला रस्त्यावरची चाचणी म्हणतात, ती पहिली लांब चाचणी एका बाईनं केली, आणि तिच्या सूचनांवरून गाडीत पुढे सुधारणा झाल्या. बाई एकटी कुठे निघाली की "कशाला?" हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो. त्याचं उत्तर तिनं त्या वर्षी देऊन ठेवलं आहे.

खालच्या एका मजल्यावर ट्रकांचं दालन आहे. तिथं मला वडील आठवले. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात थांबून त्यांनी मोजलेले ट्रक, ज्यांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असायचा. टाटांची टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार 1954 मधला, पंधरा वर्षांचा. जमशेदपूरहून निघणाऱ्या त्या ट्रकांना लोक सरळ टाटा मर्सिडीज म्हणत. करार संपला, तारा गेला. मग 1994 मध्ये मर्सिडीज पुन्हा भारतात आली ती पिंपरीत, टेल्कोच्याच आवारात, आणि 2009 मध्ये चाकणला आपल्या कारखान्यात गेली. मुंबई आणि स्टुटगार्ट तर 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. माझ्या वडिलांनी घाटात मोजलेल्या ताऱ्याचा पत्ता मी शोधत आले होते, असं त्या दालनात वाटून गेलं.

संग्रहालयाच्या जवळच्याच स्टेशनवरून लोकल पकडली की पुढचं स्टेशन बाड कान्स्टाट. तिथल्या उद्यानाच्या कडेला गोटलीब डाइमलरच्या बंगल्याचं काचघर अजून उभं आहे. झाडांच्या कुंड्यांसाठी बांधलेल्या या जागेत डाइमलर आणि त्याचा सहकारी मायबाख यांनी 1880 च्या दशकात वेगानं फिरणारं छोटं पेट्रोल इंजिन तयार केलं. आतून रात्रंदिवस येणाऱ्या ठोकाठोकीनं माळ्याला संशय आला की मालक खोटी नाणी पाडतो, आणि पोलिसांनी झडती घेतली, अशी गोष्ट तिथं सांगतात. जागा आपल्या दुचाकीच्या गॅरेजएवढी. ती मोजके तासच उघडी असते, वेळ आधी पाहून जावं. मोठ्या संग्रहालयानं दिपून गेलेले डोळे इथं येऊन जमिनीवर येतात. शेवटी काम एका खोलीत, दोन माणसांनी, एका भट्टीजवळ सुरू केलं होतं.

दुपारनंतर वाइसेनहोफ वसाहत. 1927 साली वास्तुकार मिस फान डेर रोहे याच्या देखरेखीखाली 17 वास्तुकारांनी इथं 21 इमारती उभ्या केल्या: सपाट छपरं, पांढऱ्या भिंती, आडव्या लांब खिडक्या. तेव्हाच्या लोकांना हे इतकं परकं वाटलं की त्या वसाहतीच्या चित्रात उंट आणि अरब चिकटवून टवाळीचं पोस्टकार्ड काढलं गेलं. युद्धातून आणि पाडापाडीतून 11 मूळ इमारती वाचल्या. ल कॉर्ब्यूजिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांनी बांधलेल्या जोडघरात आता संग्रहालय आहे. आत गेलं की कळतं, जागा किती काटकसरीनं वापरली आहे. बोळ आगगाडीच्या डब्यातल्यासारखा अरुंद, पलंग दिवसा कपाटाखाली सरकवायचे, रात्री भिंती ओढून एका हॉलच्या खोल्या करायच्या. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माझ्या मावशीनं हे घर पाहिलं असतं तर तिला काही समजावून सांगावं लागलं नसतं.

2016 साली युनेस्कोनं ल कॉर्ब्यूजिएच्या सात देशांतल्या 17 वास्तू एकत्र जागतिक वारसा यादीत घेतल्या. त्यात हे घर आहे आणि आपल्या चंदीगडचा कॅपिटल परिसरही. जानरेनं तर पुढे चंदीगडमध्ये कित्येक वर्षं राहून काम केलं. ही माहिती मी घरूनच वाचून आले होते. पण गच्चीवर उभं राहून खाली शहर बघताना, हीच आडवी रेघ आपल्या उन्हात कशी दिसत असेल हे मनात आलं, आणि चंदीगडला जायचं मी तिथंच ठरवलं. परगावी गेल्यावर आपल्या देशातलं एखादं गाव बघावंसं वाटणं, हा प्रवासाचा मोठा लाभ आहे.

एकट्यानं जेवणं

दिवस एकट्यानं छान जातो. अवघड असते ती संध्याकाळ. शनिवारी साडेसातला मी एका खानावळीच्या दारात उभी होते, आतून हसण्याचे आवाज, प्रत्येक टेबलाला चौघं-पाच जण. पाय मागे फिरत होते. पण दारातल्या बाईंनी "ग्रूस गॉट" म्हटलं, तिथला नमस्कार तो, आणि मला भिंतीजवळच्या लांब टेबलाच्या टोकाला बसवलं. त्या भागात अनोळखी माणसांनी एका टेबलावर बसणं रीतीचं आहे. शेजारच्या आजोबांनी मीठ पुढे सरकवलं.

शाकाहाऱ्यांनी तिथं दोन शब्द पाठ करून जावेत: "ओने फ्लाइश", म्हणजे मांसाशिवाय. तिथले प्रसिद्ध माउलटाशन आपल्या मोदकांच्या जातीचे, पण आत बहुतेक मांस असतं. माझ्यासाठी केसश्पेट्झल आलं, कणकेच्या आखूड शेवया, चीज आणि वर तांबूस परतलेला कांदा. तो कांदा आईच्या बिर्याणीवरच्या कांद्यासारखा होता. मी सावकाश जेवले. टेबलावर फोन उलटा ठेवला होता. कोणाला काय आवडेल, कोण दमलंय, कोणाला उशीर होतोय, याचा विचार न करता जेवलेलं ते माझं कितीतरी वर्षांतलं पहिलं जेवण.

एकट्यानं फिरण्याची सवय आपल्याकडे फारशी लावली जात नाही. मीना प्रभूंसारख्या लेखिकेनं एकटीनं देशोदेशी फिरून मराठीत पुस्तकांची रांग लावली, आपण ती आवडीनं वाचली, आणि तरीही स्वतःवर वेळ आली की ग्रुप शोधतो. सोबतीनं फिरण्याचा आनंद मोठा आहेच. पण दुसऱ्याला दाखवण्याची जबाबदारी नसते तेव्हा आपण स्वतःच्या वेगानं बघतो. ज्या दगडाजवळ थांबावंसं वाटलं तिथं थांबतो.

सावधगिरी मात्र सोडायची नाही. पासपोर्ट हॉटेलात कुलपात, त्याची प्रत जवळ. थोडी रोकड हवीच, कारण लहान दुकानं कार्ड घेतीलच असं नाही. तातडीचा नंबर 112. आणि रात्री परतण्याची शेवटची गाडी कोणती, हे संध्याकाळीच पाहून ठेवायचं.

रविवार: एक शब्दकोश, एक स्वयंपाकघर, एक घोडा

रविवारी ट्युबिंगन. स्टुटगार्टहून रेल्वेनं पाऊण ते एक तास. राज्यभर चालणारं एका दिवसाचं बाडेन-व्युर्टेंबर्ग तिकीट काढलं की प्रादेशिक गाड्या आणि शहरातल्या बसा त्यात येतात. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून चालतं, फक्त त्यावर आपलं नाव लिहायला विसरायचं नाही, आणि वेगवान आयसीई गाडीत चढायचं नाही.

नेकार नदी, काठावर उतरत्या छपरांची पिवळी-तांबडी घरं, लांब बांबूसारख्या काठीनं ढकलायच्या चपट्या नावा. हे गाव महायुद्धातून जवळजवळ अखंड वाचलं. 1477 साली स्थापन झालेलं इथलं विद्यापीठ म्हणजेच गाव, असं म्हणावं इतके विद्यार्थी. केप्लर इथंच शिकला. नदीकाठच्या पिवळ्या मनोऱ्यात कवी होल्डरलिन आयुष्याची शेवटची 36 वर्षं राहिला, मन ढळलेल्या अवस्थेत, एका सुताराच्या घरी. इस्पितळानं हात टेकल्यावर त्या सुताराच्या कुटुंबानं त्याला 1807 पासून 1843 पर्यंत सांभाळलं. त्या गोल खोलीच्या खिडकीतून नदी दिसते. मोठ्या कवीइतकाच तो सुतार मला मोठा वाटला.

वर होल्झमार्क्टवर हेकेनहाउअर नावाचं जुनं पुस्तकांचं दुकान आहे. पुढे 'सिद्धार्थ' लिहिणारा हरमान हेसे 1895 पासून चार वर्षं इथं नोकरीला होता. त्याचे आजोबा हरमान गुंडर्ट मिशनरी म्हणून केरळात राहिले, त्यांनी मल्याळमचा शब्दकोश केला आणि त्यांचे कागद आज ट्युबिंगनच्या विद्यापीठात आहेत. याच विद्यापीठात रुडॉल्फ फॉन रोट संस्कृत शिकवायचे. ओटो ब्योटलिंक यांच्याबरोबर त्यांनी केलेला संस्कृत-जर्मन महाकोश 1855 ते 1875 अशी वीस वर्षं, सात खंडांत, सेंट पीटर्सबर्गहून छापला गेला. पुण्यात डेक्कन कॉलेजात 1948 पासून संस्कृतच्या कोशाचं काम चालू आहे, चिठ्ठ्यांनी भरलेली ती कपाटं मी पाहिली आहेत. एका शब्दामागे आयुष्य घालणारी माणसं दोन्ही गावांत होती, आहेत. रविवारची बंद दुकानं, शांत गल्ली, आणि आपल्या भाषेच्या पणजीवर इथं कोणीतरी वीस वर्षं मान मोडून काम केलं, ही जाणीव. त्या गल्लीतून चालताना मला परकं वाटेनासं झालं.

दुपारी किल्ल्यावर गेले. किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात एकोणिसाव्या शतकात रसायनशाळा होती. 1869 साली फ्रीडरिश मीशर या पंचविशीतल्या तरुण डॉक्टरनं शेजारच्या दवाखान्यातल्या वापरलेल्या पट्ट्या इथं आणल्या, त्यांवरचा पू धुऊन घेतला आणि त्यातल्या पेशींच्या केंद्रकातून एक अनोळखी द्रव्य वेगळं केलं. त्याला त्यानं न्यूक्लीन म्हटलं. आज आपण त्याला डीएनए म्हणतो. जाड भिंती, कमानीचं छत, थंडगार फरशी. ज्या पट्ट्या टाकून द्यायच्या, त्या त्यानं उचलल्या. गुणवत्ता विभागात वीस वर्षं नापास झालेले भाग तपासणाऱ्या मला त्या खोलीतून लवकर निघवेना.

त्याच किल्ल्यातल्या संग्रहालयात शेवटच्या दालनांपैकी एकात अंधार आहे आणि काचेखाली एक घोडा. मॅमथच्या दातातून कोरलेला, जेमतेम पाच सेंटिमीटर लांब, माझ्या अंगठ्याहून कमी. फोगेलहर्ड नावाच्या गुहेत 1931 साली ट्युबिंगनच्या संशोधकांना तो सापडला. वय सुमारे 40,000 वर्षं. पाय तुटले आहेत, पण मानेची कमान अशी आहे की कोरणाऱ्यानं घोडा रोज पाहिला असणार हे क्षणात कळतं. वापरून वापरून अंग गुळगुळीत झालेलं. दालनात मी एकटीच होते. कोणी चला म्हणणारं नव्हतं. पहारेकरी बाई एकदा डोकावून गेल्या. शनिवारी सकाळी पाहिलेला पांढरा घोडा आणि हा, यांच्यामध्ये माझे दोन दिवस मावले होते.

संध्याकाळी सातला आईला फोन केला. तिनं कागद वाचून विचारलं, "किल्ला झाला का?"

"झाला," मी म्हटलं. मग अंगठ्याएवढ्या घोड्याबद्दल अर्धा तास बोलले.

सोमवारी, आणि पुढच्या खेपेला

सोमवारी सकाळी रेल्वेनं फ्रँकफर्टचं विमानतळ. स्टुटगार्टहून मुंबईला थेट विमान नाही, आणि जर्मन गाड्या वेळेवर येतीलच या भरवशावर राहू नये, म्हणून ठरलेल्या गाडीच्या दोन गाड्या आधीची घेतली. मंगळवारी मी कामावर होते. खर्चाची वही तपासली: दोन रात्रींचं हॉटेल, जेवणं, तिकिटं, विमा. फक्त याच दोन दिवसांसाठी पुण्याहून वेगळं जायचं ठरवलं असतं तर विमानभाड्यातच याच्या कित्येक पट गेले असते. लाखभराचं तिकीट कंपनीनं काढलेलं असतं, आणि आपण त्यातलं गाव न बघता परत येतो.

पुढच्या बुधवारी फोनवर तोच सहकारी होता. बैठक सुरू होण्याआधी मी त्याला बिर्केनकॉप्फवरच्या द्राक्षाच्या घोसाबद्दल सांगितलं. तो काही क्षण बोलला नाही. मग म्हणाला, त्याची आजी त्या ढिगाऱ्याच्या गाड्या भरणाऱ्या बायकांत होती. सात वर्षांत त्यानं हे मला सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून कंपन्यांमध्ये प्रवासाची व्यवस्था बघणाऱ्यांना एक विनंती. कामाला जोडून दोन दिवस स्वखर्चानं राहायची मुभा तुमच्या नियमांत स्पष्ट लिहा, आणि विम्याची तारीख त्या दिवसांपर्यंत वाढवून घ्यायची सोय करा. माणसं चोरून राहणार नाहीत, आणि परततील तेव्हा समोरच्यांना अधिक ओळखून परततील.

आणि तुम्हाला, जे पुढच्या महिन्यात कुठेतरी निघाला आहात. परतीचं तिकीट काढायला बसाल तेव्हा तारीख टाकण्याआधी थांबा. त्या गावात बघावंसं वाटणारं एकच ठिकाण शोधा, एकच. घरच्यांना कागदावर दोन दिवस लिहून द्या. मग तारीख टाका, सोमवारची.